जुना प्रोजेक्टर घेताना आणि जपताना

डिजिटल प्रक्षेपण आले आणि चित्रपटगृहांतील फिल्म प्रोजेक्टर भंगारात निघाले. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये तंबू ठोकणाऱ्या फिरत्या टॉकीजवरही हीच वेळ आली. त्यांच्यावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची २०१६ मध्ये कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली. अशी यंत्रे जतन करू पाहणाऱ्या पालघर-बोईसर परिसरातील हौशी मंडळींना पश्चिम रेल्वेमार्गावरचा जवळचा बाजार म्हणजे मुंबईचा चोरबाजार. मात्र तेथे जाण्यापूर्वी थोडी माहिती असणे आवश्यक आहे.

खरेदी : ३५ मिमीचे यंत्र अवजड असते, त्यास स्वतंत्र खोली लागते. घरासाठी ८ किंवा १६ मिमीचे यंत्र सोयीचे ठरते. जुनी ८ मिमी आणि १९६५ मध्ये आलेली सुपर ८ यांची छिद्रे वेगळी असल्याने आपल्याकडील फिल्म कोणती, हे आधी पाहावे. वीज बंद ठेवून यंत्र हाताने फिरवावे. ते अडखळल्यास दातेरी चाके झिजली किंवा तडकली असण्याची शक्यता असते. भिंगावर बुरशी नाही ना, दिवा आजही मिळतो का, याची खात्री करावी. अमेरिकी यंत्र ११० व्होल्टचे असल्यास ट्रान्सफॉर्मर लागतो. काही मोटारी ६० हर्ट्झसाठी बनविलेल्या असतात. आपल्याकडील ५० हर्ट्झवर त्या संथ चालतात आणि ध्वनी बिघडतो.

देखभाल : तारापूरच्या किनाऱ्यावरील खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा हे लोखंडाचे व भिंगाचे शत्रू आहेत. यंत्र कोरड्या जागी, सिलिका जेलसह ठेवावे आणि अधूनमधून चालवावे. ठरावीक छिद्रांतच थेंबभर तेल द्यावे. ते पट्ट्यावर वा फिल्मच्या मार्गात जाऊ देऊ नये. गेटमध्ये साचलेला थर मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने काढावा. धातूचे टोक वापरल्यास ओरखडा पडतो आणि तोच पुढे प्रत्येक फिल्मवर उमटतो.

धोके : झेनॉन दिव्यात थंड असतानाही प्रचंड दाब असतो, तो जाणकारानेच काढावा. १९५० च्या दशकापूर्वीची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती कधीही चालवू नये. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म भस्मसात झाल्या. फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर ती इतर रिळांपासून दूर ठेवावी.

दुरुस्त केलेल्या यंत्रावर प्रथम टाकाऊ फिल्म चालवून पाहावी. आजोबांच्या लग्नाची प्रत एकच असते. सदोष गेटमध्ये अडकून ती क्षणात जळते. म्हणून तिचे डिजिटल रूपांतर आधी, प्रक्षेपण नंतर, हा क्रम पाळणे हिताचे.