बोलिंग गोळ्यावरील छिद्ररचना
बोलिंग या खेळातील जड गोळ्यावर बोटांसाठी पाडावयाच्या छिद्रांच्या जागा ठरविणे, यास छिद्ररचना म्हणतात. लिग्नम व्हायटी या कठीण लाकडाच्या जुन्या गोळ्यांत छिद्रांचा हेतू केवळ पकड हा होता. अमेरिकेत १९०५ मध्ये रबराचा गोळा आला. १९८० नंतर पॉलियुरेथेनाचे गोळे प्रचारात आले. आत विशिष्ट आकाराचा गाभा बसविला जाऊ लागल्यावर मात्र छिद्रांच्या जागेवर गोळ्याचे वळण अवलंबून राहू लागले. गाभ्याची खूण खेळाडूच्या फिरकीच्या अक्षबिंदूपासून सु. ८·५ सेंमी. अंतरावर ठेवल्यास प्रत्येक फेऱ्यात गोळ्याचा नवा, तेल न लागलेला भाग मार्गिकेस टेकतो आणि वळण वाढते. खूण अक्षबिंदूवरच आणल्यास ते घटते. चुकलेली रचना पूर्वी जादा तोलछिद्र पाडून काहीशी सावरता येई. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने १ ऑगस्ट २०२० पासून अशा छिद्रांस मनाई केल्याने मूळ निवडीस निर्णायक महत्त्व आले.