रुची भिन्न असली म्हणून

वाद तापायला लागला की मंडळींतला एखादा समजूतदार हात वर करतो आणि म्हणतो, ‘अहो, सोडा ना. आवड ज्याची त्याची.’ मग चहा येतो, विषय बदलतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. गाणं असो, पुस्तक असो, सिनेमा असो की क्रिकेट, हे वाक्य कुठेही चालतं. ते म्हणणारा माणूस उदार ठरतो आणि न पटणारा हेकट. त्यातून त्याचं संस्कृत थोडं शाबूत असेल, तर तो कालिदासालाच साक्षीला उभा करतो: लोकांची रुची भिन्न असते, हे महाकवीनेच सांगून ठेवलंय, तिथे तुम्ही-आम्ही कोण?

ही साक्ष एकदा नीट तपासायला हवी. बहुतेकांना त्या श्लोकाचा शेवटचा तुकडाच पाठ असतो. प्रसंग ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गातला, इंदुमतीच्या स्वयंवराचा. तिची प्रतिहारी सुनंदा एकेका राजासमोर तिला नेते आहे आणि त्याची थोरवी सांगते आहे. अंगदेशाच्या राजावरून इंदुमती नजर काढून घेते आणि पुढे चल म्हणते. इथे कालिदास आधी दोन गोष्टी बजावतो. राजा वरण्यालायक नव्हता, असं नाही. आणि इंदुमतीला पारख नव्हती, असंही नाही. एवढं झाल्यावर मग ते प्रसिद्ध विधान येतं. म्हणजे समोरच्यात गुण आहेत आणि पाहणारीला नजर आहे, हे कबूल झाल्यानंतरची ही रुचिभिन्नता आहे. आपले समजूतदार गृहस्थ या दोन्ही अटी गाळतात आणि उरलेलं सुभाषित म्हणून वापरतात. शिवाय तिथे प्रश्न नवरा निवडण्याचा होता. त्यात आवडीला शेवटचा शब्द असावा, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

कलेचा प्रश्न येतो तेव्हा हाच कालिदास काय करतो? ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकात नाट्याचार्य गणदास म्हणतो की, निरनिराळ्या रुचीच्या लोकांना एकत्र रिझवणारी नाट्यासारखी दुसरी गोष्ट नाही. आणि त्याच अंकात हा गणदास दुसऱ्या नाट्याचार्याशी, हरदत्ताशी, भांडत राजापुढे येतो: आमच्या दोघांत श्रेष्ठ कोण ते ठरवा! राजा ‘दोघेही आपापल्या परीने छान’ असं म्हणून वाटेला लावत नाही. परिव्राजिकेला पंच नेमलं जातं. ती आधी निकष सांगते: कुणी स्वतः उत्तम करून दाखवतो, कुणाला शिकवण्याची हातोटी असते, आणि ज्याच्याकडे दोन्ही आहे तो शिक्षकांत अग्रणी. मग गणदासाची शिष्या मालविका हिचं नृत्य पाहून ती निवाडा देते आणि कारणंही देते: अंगांतून अर्थ कसा प्रकटला, पाऊल लयीत कसं पडलं, भाव कसा धरून ठेवला. (ही सगळी स्पर्धा राजाला मालविका पाहता यावी म्हणून विदूषकाने जुळवून आणलेली असते, हे खरं. पण लबाडीच्या सामन्यातही पंचाला कारणं द्यावी लागतात, हे कालिदासाला ठाऊक होतं.)

भरतमुनी तर याहून पुढे जातात. ‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायात त्यांनी प्रेक्षकांच्या आवडींची यादीच दिली आहे. तरुणांना शृंगार हवा, शूरांना लढाया, वृद्धांना पुराणकथा. रुचिभिन्नतेची एवढी रोखठोक कबुली दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि त्याच अध्यायात नटमंडळींत वाद झाला तर तो सोडवणारे ‘प्राश्निक’ कोण असावेत, हेही ठरवून दिलं आहे. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदांचा जाणकार, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपल्या विषयापुरतं बोलायचं. रंगभूमीवर धनुष्य ताणणाऱ्याचा पवित्रा बरोबर आहे का, ते धनुर्धर सांगेल. राजाची चाल राजासारखी आहे का, ते राजा. प्रणयाचे व्यवहार नीट उभे राहिले का, ते गणिका. या पंचमंडळात वेदपाठी आणि गणिका एका रांगेत बसले आहेत, हे मला फार लोभसवाणं वाटतं. इथे अधिकार जातीचा किंवा पदाचा नाही, माहितीचा आहे. आवडी वेगळ्या असतात, हे मान्य करूनही दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला निवाडा अशक्य वाटला नाही. आपल्याला तो असभ्य वाटू लागला आहे.

‘आवड ज्याची त्याची’ यात सहिष्णुता आहे, असं आपण धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं, की या वाक्याने वाद मिटत नाही, तो फक्त गल्ल्यावर बसलेल्याच्या हाती जातो. सगळ्या आवडी सारख्याच वजनाच्या असतील, तर दोन सिनेमांत फरक करायचा कसा? मग डोकी मोजायची. किती कोटी जमले, किती जणांनी पाहिलं, किती आठवडे चालला. ज्या घरात चांगलं-वाईट यावर बोलणं उद्धटपणाचं मानलं जातं, त्याच घरात पहिल्या आठवड्याची कमाई मात्र तोंडपाठ असते.

आणि गल्ला हा साक्षीदार भरवशाचा नाही. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ साली आला. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, आणि तो आपटला. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा लावलं नाही. आज छायाप्रकाशाचा अभ्यास करणारे तो पुन्हापुन्हा पाहतात. यावरून पडलेला सिनेमाच श्रेष्ठ असा उलटा नियम काढणारेही आपल्यात आहेत. त्यांनी ‘संत तुकाराम’ आठवावा. दामले-फत्तेलालांचा हा १९३६चा ‘प्रभात’पट गावोगावच्या भाबड्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला आणि व्हेनिसच्या महोत्सवातल्या परीक्षकांनीही वाखाणला. त्यातली शांताराम आठवल्यांनी लिहिलेली रचना तर लोकांना तुकोबांचीच वाटली आणि जाणत्यांनी ती गाथेत शोधली. याला नुसतं ‘आवडलं’ म्हणून कसं भागेल? अभंगाचं वजन, यमकाची जागा, प्रपंचातला दाखला परमार्थाकडे वळवण्याची तुकोबांची रीत, हे सगळं आठवल्यांच्या हातात इतकं मुरलं होतं, की पारखी लोकही फसले. हा गुण दाखवता येतो आणि नाकारायचा असेल तर नाकारणाऱ्यालाही त्या रचनेतच बोट ठेवावं लागतं.

क्रिकेटवाले म्हणतील, आमच्याकडे हा घोळ नाही, आकडे बोलतात. बोलतात खरे, पण किती? मार्च १९८७, बंगळूर, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. खेळपट्टी अशी, की चेंडू हातभर वळत होता आणि मधूनच उसळत होता. मनिंदरसिंगने सात बळी घेतले आणि पाकिस्तानचा पहिला डाव ११६त आटोपला. चौथ्या डावात भारताला २२१ हव्या होत्या. गावसकरने ९६ काढल्या, बाकी एकाही फलंदाजाला तिशी गाठता आली नाही, आणि भारत १६ धावांनी हरला. इक्बाल कासिमचा एक चेंडू उसळला, स्लिपमध्ये झेल गेला आणि गावसकरची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. आकड्यांच्या वहीत ही खेळी त्याच्या ३४ शतकांत नाही. पण ज्यांनी पाहिली त्यांना विचारा: चेंडू शेवटपर्यंत येऊ द्यायचा, हात सैल ठेवून तो पायाशीच मारायचा, वळून गेला तर जाऊ द्यायचा, बॅट त्याच्या मागे न्यायची नाही. फिरकी कशी खेळावी, हे शिकवायला दुसरं पुस्तक नको.

आता त्याच गावसकरची १९७५च्या विश्वचषकातली लॉर्ड्सवरची खेळी घ्या. इंग्लंडने ६० षटकांत ३३४ केल्या आणि हा सलामीला येऊन पूर्ण ६० षटकं खेळून ३६वर नाबाद राहिला. तंत्र तेच, माणूस तोच. मी गावसकरच्या पंथातला. मुंबईच्या आमच्या पिढीला दुसरा देव ठाऊक नव्हता. तरीही त्या ३६चं समर्थन मला करता येत नाही. आवड जर सर्वस्व असती, तर या दोन खेळी मला सारख्याच गोड लागायला हव्या होत्या.

आवडणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे प्रत्येकाला स्वतःपुरतं माहीत असतं. खांडेकरांची कादंबरी मी आजही हातात घेतो. त्यातली उपमांची आरास मला सुखावते, आणि ‘ययाति’तली माणसं बोलतात कमी, सुविचार जास्त सांगतात, हेही दिसत असतं. हे दिसायला लागलं ते नेमाड्यांच्या पिढीने त्या अलंकृत गद्यावर तुटून पडल्यामुळे. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा अनेकांना तिची भाषा भाषाच वाटली नाही. त्या भांडणातून खांडेकर काही संपले नाहीत, पण मराठी वाचकाचा कान बदलला. त्याआधी कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर फडके-खांडेकर झुंजले होते. लोक ते कुस्तीच्या फडासारखे वाचत. त्या वेळी ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून कुणी विषय बदलला असता, तर त्यालाच बाहेर घालवलं असतं.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र जोरदार आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आवडीवर निवाडा द्यायला बसलं, की निवाडा देणारे हुकूम सोडू लागतात. दाखला घरचाच आहे. बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ साली केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताबद्दलची त्यांची कळकळ खरी होती. आकाशवाणीवरचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. पण चित्रपटगीतं हलकी, म्हणून त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केली. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारलाच माघार घ्यावी लागली. पूर्वपक्ष म्हणेल, बघा, रुचीला शिस्त लावायला गेलं की असं होतं.

पण केसकरांनी वाद घातलाच कुठे? कुठलं गाणं हलकं, कशामुळे हलकं, आणि मदनमोहनची गझल त्यात येते का, यावर त्यांनी कुणाला उत्तर द्यायची वेळच येऊ दिली नाही. एक फतवा निघाला. ‘मला आवडत नाही’ याच्या हाती सत्ता आली, तर काय होतं, त्याचा हा नमुना. म्हणजे हा दाखला आवड सर्वोपरी मानणाऱ्यांच्याच विरुद्ध जातो. जिथे कारण मागता येतं, तिथे मंत्र्यालाही कारण द्यावं लागतं.

याहून बोलका दाखला बाजाच्या पेटीचा. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. ही बंदीही हुकुमाचीच होती, पण तिच्या मागे एक खराखुरा आक्षेप होता आणि तो पट्टीवर बोट ठेवून तपासता येतो. दरबारी कानड्याचा गंधार घ्या. गायक तो एका जागी ठेवत नाही. नेहमीच्या कोमल गंधाराहून खाली उतरवून तो संथपणे झुलवतो, आणि सगळं दरबारीपण त्या झुलण्यात असतं. पेटीची पट्टी दाबली की तिथे सूर खिळ्यासारखा उभा राहतो. जाणता साथीदार त्या जागी बोट उचलून घेतो, किंवा गंधार ओझरता लावून पुढच्या सुरावर जातो. पट्टीत तो सूर नाहीच, तर वाजवणार काय? सारंगी मात्र गळ्याच्या मागोमाग त्या कंपनातही जाते. टागोरांसारख्यांनाही पेटी खपत नव्हती, ती काही नुसती परदेशी म्हणून नव्हे.

दुसऱ्या बाजूकडेही कारणं होती. भास्करबुवा बखल्यांना साथ करणारे गोविंदराव टेंबे पेटी बोलती करत. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन एकाच वेळी वाजत, आणि बालगंधर्वांच्या गळ्याला दोन्ही चालत. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गाण्याला भरीव आधार द्यायचा, तर सारंगी एकटी पुरत नाही. ही गरज खोटी नव्हती. पुढे आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी साथीत आणि एकलवादनात पेटीकडून असं काही काढून घेतलं, की आक्षेप घेणारेही दाद देऊन गेले.

हा वाद ‘तुम्हाला सारंगी आवडते, मला पेटी’ म्हणून सोडून दिला असता, तर तो तिथेच थांबला असता. तसं झालं नाही. आक्षेप नेमका होता, म्हणून त्यावर कामही नेमकं झालं. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली. एकाच स्वराच्या चढ्या आणि उतऱ्या श्रुतींतून हवी ती तिच्यावर रागागणिक निवडता येते. कुठला गंधार कुठल्या रागात, यावर संगीतकारांत पुन्हा नवी भांडणं लागली आणि ती चांगली चालली आहेत. एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड अजूनही या पेटीतून निघत नाही, आणि तेवढ्यापुरतं सारंगीवाल्यांचं म्हणणं आजही उभं आहे.