नळाच्या पोटातला इतिहास

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भाईंदर पश्चिमेच्या इमारतीत प्लंबरने शाफ्टमधला उभा पाइप कापला आणि हातभर लांबीचा तुकडा माझ्यापुढे धरला. बाहेरून इंचाचा दिसणारा तो पाइप आतून गंजाच्या गाठींनी इतका भरला होता की पेन्सिल जेमतेम आत गेली असती. चौथ्या मजल्यावरच्या काकू कित्येक वर्षे सांगत होत्या, "नळाला धार नाही." गच्चीवरच्या टाकीचे पाणी सर्वांत वरच्या मजल्यावर सर्वांत कमी दाबाने येते. त्यामुळे पाइप चोंदला की पहिला फटका त्यांनाच. दहा वर्षांपूर्वीच्या सभेत "गळतंय तेवढाच तुकडा बदलू" असा ठराव झाला, तेव्हा माझाही हात वर होता. हे आधी सांगून टाकतो.

तो तुकडा मी घरी आणला आणि हा पाइप आमच्या भिंतीत आला कसा, याचा माग काढू लागलो.

पाणी बंदिस्त नळातून आणण्याची विद्या आपल्याकडे साहेबाच्या आधीची आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादेत नहर-ए-अंबरी आणली. तिथल्या पाणचक्कीला पाणी पुरवणारी नळयोजना खापराची आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणले, ते मात्र बांधीव नळातून. खापर गंजत नाही, पण त्याला फार दाब सोसत नाही. म्हणून पाणी उतारानेच न्यावे लागे आणि ते हौदापर्यंतच पोहोचे. घरात, त्यातही माडीवर पाणी चढवायचे तर लोखंडच हवे.

ते लोखंड मुंबईत आले विहारबरोबर. विहिरी आणि तळ्यांवर जगणाऱ्या शहराला १८५०च्या दशकात टंचाईने गाठले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहारचे पाणी शहरात आले, बत्तीस इंची बिडाच्या जलवाहिनीतून. पुढे १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. बिडाच्या नळाचे एक टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचे, फटीत ताग ठासायचा आणि वरून वितळलेले शिसे ओतायचे, ही सांधण्याची रीत. सोवळ्याच्या घरांतून या पाण्याला विरोध झाला तो वेगळ्याच कारणाने: तोटीत चामड्याचे वायसर असे. चामड्यावर वाद झाला. शिशाबद्दल मात्र कोणी शब्द काढल्याचे माझ्या वाचनात नाही.

बिडाचा नळ जाड, जड आणि दीर्घायुषी. घरात तो परवडणारा नव्हता. तिथे आला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे आपला जीआय. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या कृतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७ साली घेतले. जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते, एवढीच त्यामागची युक्ती. पण हा थर कागदापेक्षाही पातळ असतो. तो संपला की खालच्या लोखंडाची पाळी. अर्धा इंची 'बी क्लास' पाइपची भिंत २.६ मिलिमीटर, 'सी क्लास'ची ३.२. निळा पट्टा आणि लाल पट्टा यांतला हा फरक बिल्डरच्या हिशेबात किरकोळ असतो. इमारतीच्या आयुष्यात नसतो. सांध्याला सुतळी आणि सफेदा. जुन्या काळचा सफेदा म्हणजे तरी काय? शिशाचाच क्षार.

आता आमच्या गावाकडे. एका बाजूला वसईची खाडी, भोवती मिठागरे, पलीकडे उत्तनचा समुद्र. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत वस्ती सव्वापाच लाखांच्या घरात होती, २०११ साली आठ लाखांवर गेली. मुंबईत न परवडणारे आम्ही सगळे इथे आलो आणि इमारती पाण्याच्या आधी उभ्या राहिल्या. पाणी यायचे ते शहाड-टेमघर आणि एमआयडीसीकडून, तेही ठरावीक तास. उरलेली गरज टँकर आणि बोअरिंगच्या मचूळ पाण्यावर.

जीआय पाइपला याहून वाईट परिस्थिती शोधून सापडणार नाही. पाणी गेले की पाइपात हवा शिरते; ओले लोखंड आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मचूळ पाण्यातले क्षार आतून पोखरतात, खारी हवा बाहेरून. पाणीटंचाईने आमच्या बादल्याच रिकाम्या ठेवल्या असे नाही, तिने भिंतीतले नळही खाल्ले.

मग प्लास्टिक. पीव्हीसी गंजत नाही, पण गरम पाण्याला चालत नाही. त्यात क्लोरीनचे प्रमाण वाढवून केलेला सीपीव्हीसी साधारण ९३ अंशांपर्यंत टिकतो आणि सोल्व्हंटने चिकटतो. पीपीआर तापवून एकजीव करतात, त्याला सराईत हात लागतो. दोन्ही उन्हात ठिसूळ होतात, म्हणून गच्चीवर त्यांना आच्छादन हवे. शिसे इथेही पाठ सोडत नाही: पीव्हीसी घडवताना स्थिरक म्हणून शिशाची संयुगे वापरली जात. त्यांना आवर घालणारे केंद्र सरकारचे नियम आले २०२१ साली.

आमच्या सभेत दोन तट होते. जुने म्हणत, "लोखंड ते लोखंड." तरुण म्हणत, "प्लास्टिक, आणि लवकर." मी तो कापलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि आधी आपले पाणी कसे येते त्याचा विचार करू, असे सुचवले. खारी हवा, मचूळ पाणी, तासांचा पुरवठा हे सगळे मांडल्यावर सीपीव्हीसीचा ठराव झाला, प्रमाणित मार्क पाहून आणि सगळी उभी लाइन एकदम बदलून. एका निवृत्त वायरमन काकांनी वेळीच आठवण केली की काही घरांचे अर्थिंग जुन्या लोखंडी नळालाच जोडलेले आहे. नळ प्लास्टिकचा झाला की ते तुटेल. काम थांबवून आधी स्वतंत्र अर्थिंग करून घेतले. तळमजल्यावरच्या एका कुटुंबाला वर्गणी झेपत नव्हती, त्यांना हप्ते बांधून दिले.

सूर्या योजनेतून मीरा-भाईंदरला रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी मिळायचे आहे. त्या जलवाहिनीचा इतिहास सरकारी दप्तरात नोंदला जाईल, जसा विहारचा नोंदला गेला. शाफ्टमधल्या इंचभर नळाचे दप्तर कोणी ठेवत नाही. म्हणून आम्ही सोसायटीच्या वहीत एक पान लिहिले: पाइप कोणता, कोणत्या वर्षी बसवला, कुठून कुठे गेला. पाइपचा तो जुना तुकडाही ऑफिसच्या कपाटात ठेवला आहे. काकू आता मोटर न लावता चौथ्या मजल्यावर आंघोळीचे पाणी भरतात.