आधीं सांगाडा, मग नक्षी

संगणकावरील संकेतस्थळ रचणारे प्रथम नुसत्या रेषांचा सांगाडा आंखतात: मथळा येथें, चित्र तेथें, शोधाची चौकट वरच्या कोपऱ्यांत. तो मान्य झाल्यावर खरा मजकूर, मग अक्षरांचे आकार, आणि शेवटीं रंग. इतका संयम कशासाठीं, हें लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिराच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

१६६६ च्या आगींत जुनें मंदिर जळालें. नव्यासाठीं ख्रिस्तोफर रेन यांनीं १६७३-७४ मध्यें ६ मीटरांहून लांब अशी लांकडी प्रतिकृति करविली. खांब, कमानी, घुमट, सारें तींत रेखीव होतें. परंतु धर्माधिकाऱ्यांना मूळ मांडणीच रुचली नाहीं. त्यांना परंपरागत लांबट क्रुसाचा आकार हवा होता. मांडणीच नाकारली गेल्यावर नक्षी कितीहि सुबक असली तरी तिचा उपयोग काय? महिनोगणतीची मेहनत वायां गेली.

१६७५ सालीं रेन यांनीं क्रुसाकृति आराखडा मांडला. त्यास राजाज्ञा मिळाली आणि सजावटींत फेरफार करण्याची मुभाहि मिळाली. मग बांधकाम चालू असतांच ते तपशील भरीत व बदलीत गेले. घुमट तर आराखड्याहून अगदीं निराळा उभा राहिला. १७११ सालीं मंदिर पुरें झाल्याचें पार्लमेंटनें जाहीर केलें.

रेघ पुसावयास क्षण पुरतो. रंगविलेलें पान मोडावयास मन धजत नाहीं. म्हणून तपशील मान्यतेच्या मागून यावा. रेन यांची ती नाकारलेली प्रतिकृति सेंट पॉलमध्यें आजहि जपून ठेविलेली आहे.