पैसा, अभिव्यक्ती आणि निवडणूक : 'बकली' निवाड्याचा मार्क्सवादी अन्वयार्थ

निवडणुकीत खर्च होणारा पैसा हे भाषणच होय काय, या प्रश्नाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी १९७६ रोजी 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' या निवाड्यात बव्हंशी होकारार्थी उत्तर दिले. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ साली तेथील विधिमंडळाने देणगी व खर्च या दोहोंवर मर्यादा घातल्या होत्या. उमेदवारास द्यावयाच्या वैयक्तिक देणगीची १,००० डॉलरची मर्यादा न्यायालयाने उचलून धरली. खर्चावरील मर्यादा मात्र रद्दबातल ठरविल्या. विचारप्रसारास पैसा लागतो, सबब खर्चावरील बंधन हे अभिव्यक्तीवरील बंधन ठरते, अशी ही विचारसरणी होती.

तिचे मूळ बरेच जुने आहे. ऱ्हाइन प्रांताच्या सभेत मुद्रणस्वातंत्र्याची चर्चा चालू असता नगरवर्गाच्या एका प्रतिनिधीने ते व्यवसायस्वातंत्र्याचाच एक प्रकार म्हणून त्याचा पुरस्कार केला. तरुण मार्क्सने १८४२ साली 'ऱ्हाइनिशे त्साइटुंग' या पत्रात या भूमिकेचा परामर्श घेतला. मार्क्स अभ्यवेक्षणाचा कडवा विरोधक होता. तरीही आपल्याच बाजूचा हा युक्तिवाद त्याने नाकारला. धंदा नसणे हेच वृत्तपत्राचे पहिले स्वातंत्र्य, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १८४४ साली 'ज्यू प्रश्नाविषयी' या निबंधात, मताधिकारासाठीची मालमत्तेची अट रद्द केल्याने खासगी मालमत्ता नष्ट होत नाही, उलट ती गृहीत धरली जाते, हे त्याने दाखविले. यासाठी त्याने उत्तर अमेरिकेतील राज्यांचाच दाखला घ्यावा, हे लक्षणीय आहे. 'बकली' निवाड्यानंतर मत प्रत्येकास एकच राहिले. आवाज मात्र मालमत्तेच्या प्रमाणात वाढू शकला.

पाशुकानिसने १९२४ साली कायद्याचे रूप वस्तुविनिमयातून उलगडून दाखविले. बाजारात जसे सारेच 'मालक', तसे न्यायालयात सारेच 'वक्ते'. वक्ता कोण, हा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो. १९७८ च्या 'बेलॉटी' निवाड्यात मॅसॅच्युसेट्समधील बँका व कंपन्यांना सार्वमतात खर्चाची मुभा मिळाली. सार्वमताचा विषय होता चढत्या दराचा प्राप्तिकर! २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निवाड्याने हेच तत्त्व कंपन्यांच्या निवडणूकविषयक स्वतंत्र खर्चास लावले. (मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीस पक्षांना देणगी देण्याची वाट मोकळी केली, परंतु मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्यातील लोकशाहीवरील संकटाकडे संसदेचे लक्ष वेधले.)

मात्र खर्चमर्यादा म्हणजेच मार्क्सवादी भूमिका, हे समीकरण उथळ आहे. २०१० च्या निवाड्याने कामगार संघटनांचीही बंधने सैल झाली. शिवाय नियंत्रण राबविणारी राज्यसंस्था तटस्थ नसते. ओहायो राज्याच्या कायद्याने समाजवादी कामगार पक्षाकडे देणगीदारांची नावे मागितली. ती उघड झाल्यास त्यांचा छळ होण्याचा रास्त संभव आहे, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली पक्षास सूट दिली. त्या सुटीचा आधारही 'बकली' निवाड्यातच होता.