मराठी स्वार आणि त्याचा घोडा

मराठ्यांच्या इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा लढाया, तह आणि थोर पुरुष यांची असते. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत तो या सर्व प्रसंगी जातीने हजर होता. फक्त त्याने मागे बखर ठेवली नाही की पत्र ठेवले नाही. तो म्हणजे घोडा. मराठी घोडदळाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यात दळ भरपूर आहे, घोडा मात्र बेताचाच. नांगर सोडून आलेला कुणब्याचा पोर आणि एक ठेंगणे, काटक तट्टू यांचे इतके सूत कसे जमले की त्या जोडीवर एक राज्य उभे राहावे? हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर रणांगणावर शोधू नये, पागेत शोधावे, असे आमचे म्हणणे आहे.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात पहिल्या बाजीरावाची एक गोष्ट दिली आहे. हा पेशवा दिसतो तरी कसा, हे पाहण्यासाठी एक चित्रकार मुद्दाम पाठविण्यात आला. त्याने चित्र काढून आणले ते असे: बाजीराव घोड्यावर आहे, भाला खांद्यावर टाकलेला आहे, घोड्याचा तोबरा आणि बांधण्याचे दोर बरोबरच आहेत, आणि स्वारी चालू असताना स्वार दोन्ही हातांनी ज्वारीचे कणीस चोळून दाणे खातो आहे. ही गोष्ट सांगताना बाजीरावाच्या साधेपणाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण आमची नजर जाते ती लगामाकडे. लगाम घोड्याच्या मानेवर सैल पडला आहे. दोन्ही हात कणसात गुंतलेले असताना घोडे चालते आहे, तेही शत्रूच्या मुलखात! गोष्ट अक्षरशः घडली असो वा नसो, ती रचणाऱ्याला मराठी स्वार चांगला ठाऊक होता.

सैल लगामाने घोडा चालतो तो काही जन्मतः चालत नाही. त्यासाठी चाबुकस्वार लागे. नावावरून वाटते तसा हा केवळ चाबूक ओढणारा माणूस नव्हे. नवे शिंगरू फेरून त्याला स्वारीजोगे करणारा तो कसबी. घोडा हा कळपातला आणि भित्रा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात, त्यामुळे जवळजवळ चोहोकडचे त्याला दिसते आणि पाठीमागे हललेल्या चिंधीनेही तो उधळतो. अशा प्राण्याने आपल्या पाठीवर, म्हणजे जिथे वाघ झडप घालतो त्याच जागी, माणूस बसू द्यावयाचा, हे केवढे मोठे देणे आहे! ते मिळविण्याची रीत सावकाशीची. लांब दोरावर धरून घोड्याला वर्तुळात फिरवावयाचे, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. माणसाप्रमाणे घोड्याचीही एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. या वर्तुळात फिरविण्याला आपल्या भाषेत ‘कावा’ म्हणतात. ‘गनिमी कावा’ म्हणताना आपल्या मनात फक्त कपट येते, पण झटकन वळणे, चक्राकार हुलकावणी देणे, अंगावर येता येता बगल देऊन निसटणे, हे सगळे त्या शब्दात आधीपासून बसलेले आहे. घोडा ज्या वर्तुळात शिकला, तेच वर्तुळ पुढे फौजेने शत्रूभोवती काढले.

दोरावरचे शिक्षण झाले की खोगीर, आणि मग मांड. स्वाराची सारी विद्या या एका शब्दात आहे. मांड पक्की म्हणजे मांड्यांच्या दाबाने आणि अंगाच्या झुकावाने घोड्याशी बोलता येणे. ज्याचा एक हात भाल्यात आणि दुसरा ढालीत गुंतला आहे, त्याला दुसरी भाषाच नाही. चालीही निवडून घेत. दुडकीत घोड्याचे समोरासमोरचे तिरपे पाय एकदम पडतात आणि स्वाराची हाडे खिळखिळी होतात; रहवालीत एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर चालतात, म्हणून पाठ स्थिर राहते. रोज वीस-पंचवीस कोस तोडणाऱ्याला रहवाल घोड्याचे मोल काय वाटत असेल, हे आपल्या एस्टीच्या मागच्या बाकावर बसलेल्यांस सांगावयास नको.

हे सर्व प्रेमानेच चाले, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडचे लगाम पुष्कळदा काटेरी असत, आणि मान वर झुगारणाऱ्या जनावराचे डोके खाली ओढून ठेवणारा पट्टा म्हणजे जेरबंद. चोर जेरबंद झाला असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा तो बिचारा घोडा कोणास आठवतो?

ही विद्या मराठ्यांनी शून्यातून काढली नाही. शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्र चालत आले, त्यावरूनच घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त घोड्यांची लक्षणे आहेत आणि घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचेही वर्णन आहे. पण ती राजांची हौस होती. चांगले घोडे अरबस्तान-इराणहून गलबतांतून येत आणि त्यांची किंमत साधारण माणसाच्या आवाक्याबाहेरची असे. मराठ्यांचे वेगळेपण असे की त्यांनी घोडा गावात आणला. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू दिसावयास काही देखणे नव्हे. पण ते डोंगर चढते, थोडक्या चंदीवर निभावते आणि कडब्याला नाक मुरडत नाही. स्वार आणि घोडा एकाच शेतावर पोसलेले होते, असे म्हटले तरी चालेल.

आता पागेकडे वळू. स्वार दोन प्रकारचे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची सारी जिंदगी. घोडा पडला तर रोजगार गेला. त्यामुळे तो घोड्याला जिवापाड जपे, आणि म्हणूनच ऐन गर्दीत तो घालताना त्याचा हात किंचित आखडेही. बारगिराचे उलट. घोडा मेला तर नुकसान सरकारचे, तेव्हा लढताना हात मोकळा, पण खरारा करताना हयगय. शिवछत्रपतींनी पागा सबळ केली आणि शिलेदारांस पागेच्या हुकमतीत ठेवले, असे सभासद सांगतो. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमला होता, हेही त्यानेच लिहिले आहे. आम्हांला ही नोंद एखाद्या लढाईच्या वर्णनापेक्षा कमी वाटत नाही. पंचवीस घोड्यांचे पाणी आणि शंभर खुरांचे नाल कोणी पाहावयाचे, हे ज्या राज्यात ठरलेले आहे, तिथे जिव्हाळा मर्जीवर सोडलेला नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे १६७३ सालचे महाराजांचे पत्र. चिपळूणच्या परिसरात फौजेची छावणी पडली होती. पत्र तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना आहे. रयतेस त्रास देऊ नका, ही त्यातली ताकीद सर्वांना माहीत आहे. पण ती ताकीद सुरू होते घोड्याच्या दाण्यापासून. साठा आहे म्हणून आज मनास येईल तसा दाणा-वैरण उडवाल, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा पत्राचा आशय. मग तुम्ही कुणब्याच्या घरी शिराल, आणि तो म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे! पुढे राजा आगीवर येतो. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल, आणि मग घोडी कशी वाचणार? हुकूम लिहिणाऱ्या राजाला चिपळूणच्या उंदराची काळजी! घोड्याची भूक, कुणब्याचे घर आणि राज्याची अब्रू या तीन गोष्टी या पत्रात एकाच दोरीने बांधल्या आहेत. ती दोरी कोठे सुटली तर काय होते, हे पुढे दिसले.

१७६० च्या अखेरीस पानिपतावर मराठी फौज अडकून पडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा उरलासुरला आधार तुटला. माणसांना अन्न नव्हते, तिथे घोड्यांना वैरण कोठून मिळणार? भुकेने घोडी छावणीतच मरू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली, तेव्हा स्वार ज्या पाठीवर बसले त्या पाठीत दम उरला नव्हता. पानिपताच्या पराभवाची कारणे अनेक आहेत; गारदी आणि स्वार यांचा मेळ, सरदारांचे मतभेद, अब्दालीचे राखीव दळ, सारे खरे. पण कावा करावयाला घोडा लागतो, आणि तो खाल्लेला लागतो. हे कारण यादीत आम्ही पुष्कळ वर ठेवू.

शिलेदारी पेशवाईबरोबर संपली नाही. १८१७ च्या पुणे तहातून उभी राहिलेली पूना हॉर्स ही इंग्रजांची पलटण याच पद्धतीची. घोडा स्वाराचा, पगार सरकारचा. पहिल्या महायुद्धात ही पलटण फ्रान्सात गेली. परदेशी पडलेल्या घोड्याच्या जागी नवा घोडा आणणे गावच्या माणसाला अशक्य झाले आणि १९२१ च्या फेररचनेत शिलेदारी पद्धत रद्द झाली. पुढे घोडेही गेले. १९७१ साली बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रणगाड्यांत बसून लढली. नावात ‘हॉर्स’ राहिला आहे, आणि रणगाड्यात बसणाऱ्या जवानाचा हुद्दा अजून ‘सवार’ असाच लिहितात.