शील सहवासाने कळते

माणसाची पारख बाह्य रूपावरून करू नये, हे वचन सर्वांच्याच तोंडी असते. परंतु रूपावर विसंबायचे नाही, तर पारख करावी तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर संयुत्त निकायातील एका प्रसंगात मिळते. त्याचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

भगवान बुद्ध श्रावस्तीच्या पुब्बारामात असता एका सायंकाळी कोसलनरेश पसेनदी त्यांच्या भेटीस आला. त्याच वेळी सात जटिल, सात निगंठ, सात अचेलक, सात एकशाटक व सात परिव्राजक जवळून चालले होते. त्यांची नखे व केस वाढलेले होते. राजाने उठून, गुडघा भूमीस टेकून, हात जोडून त्यांना तीनदा आपले नाव निवेदन केले आणि हे जगातील अर्हतांपैकी असावेत, असे तो तथागतांना म्हणाला. संसारात गुंतलेल्या गृहस्थाला हे कळणे कठीण आहे, असे सांगून तथागतांनी चार कसोट्या मांडल्या. शील सहवासाने, शुद्धता व्यवहाराने, धैर्य आपत्तीत आणि प्रज्ञा चर्चेने कळते. तेही दीर्घकाळाने व लक्षपूर्वक पाहणाऱ्यालाच. तेव्हा राजाने सांगितले, की ते त्याचेच हेर होते. मुलखाची बातमी काढून परतल्यावर ते स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून सुखोपभोगात रमत.

१९०९ साली प्रसिद्ध झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्रातही तापसवेशातील हेरांची योजना सांगितलेली आहे. लोक वेशापुढे वाकत, म्हणूनच तो वेश राजसत्तेच्या उपयोगी पडे.

याच श्रावस्तीत याच्या उलट प्रकारही घडला. स्थविर लकुंटक भद्दिय देहाने ठेंगणे व कुरूप होते. संघातील भिक्खूदेखील त्यांची अवहेलना करीत. तथागतांनी त्याच भिक्खूंसमोर त्यांचे थोरपण प्रकट केले. अंगुत्तर निकायात मधुर स्वराच्या भिक्खूंमध्ये त्यांना अग्रस्थान दिलेले आहे.

हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचले म्हणजे आपल्या इतिहासावर वेगळाच प्रकाश पडतो. अस्पृश्यतेने सहवास निषिद्ध ठरविला, व्यवहार तोडला, चर्चेचा अधिकार नाकारला. म्हणजे माणूस ओळखण्याचे मार्गच बंद केले, आणि मग जन्मावरून व अंगावरच्या चिंध्यांवरून आपल्या पूर्वजांची किंमत ठरविली.

ज्यांनी हे सोसले, त्यांच्यावर अधिक जबाबदारी येते. भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू कोणता, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेत उपस्थित केला. केवळ चीवर हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. चीवर असो, पदवी असो वा व्यासपीठ असो, त्यामागील माणसाला त्या चार कसोट्या लावल्याच पाहिजेत. आणि ज्याच्या अंगावर यांपैकी काहीच नाही, त्याच्याशी सहवास, व्यवहार व चर्चा यांची दारे आधी उघडली पाहिजेत.